काळ्या धाग्याची चाळीस वर्षं

बोइंग ७८७ या विमानाच्या वजनात सुमारे निम्मा वाटा संमिश्र पदार्थांचा आहे आणि त्यातला मुख्य कार्बन तंतू जपानच्या तोरे कंपनीचा. हे विमान २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलं, तेव्हा तोरेला हा काळा धागा विकायला लागून ४० वर्षं झाली होती. त्या चाळीस वर्षांतली मला सगळ्यात मोलाची वाटतात ती सुरुवातीची, विमानांशी फारसा संबंध नसलेली वर्षं.

मूळ शोध तोरेचा नव्हेच. ओसाकाच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी १९५९च्या सुमारास ॲक्रिलिक धाग्यापासून कार्बन तंतू करून दाखवला. स्वेटर विणतात त्याच जातीचा हा धागा. तो आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर भाजायचा, मग नायट्रोजनमध्ये १००० अंशांच्या वर तापवायचा. निम्मं वजन वायू होऊन निघून जातं. उरतो तो केसाच्या जेमतेम दहाव्या भागाइतका बारीक, पोलादाच्या पाव वजनाचा आणि ताणाला विलक्षण चिवट तंतू.

ब्रिटन या शर्यतीत मागे नव्हतं. फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेने साठच्या दशकात उत्तम तंतू तयार केला होता. रोल्स-रॉइसने तो थेट आरबी-२११ या जेट इंजिनाच्या पंख्याला वापरायचं ठरवलं. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावं लागलं. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. कारणं इतरही होती, पण नव्या पदार्थाची पहिलीच परीक्षा सर्वांत अवघड जागी घेतली गेली, ही चूक मला मोठी वाटते.

त्याच १९७१ मध्ये तोरेने टी-३०० हा तंतू बाजारात आणला. कंपनी १९२६ची, रेयॉनपासून सुरुवात केलेली. धागा एकसारखा, निर्दोष कसा काढायचा हे तिथल्या माणसांच्या हातात मुरलेलं होतं. गिऱ्हाईक मात्र नव्हतं. ते मिळालं नदीकाठी. जपानात आयु नावाचा मासा धरायला आठ-नऊ मीटर लांबीची काठी लागते आणि ती दिवसभर हातात पेलायची असते. तिथे वाचलेला प्रत्येक ग्रॅम मनगटाला कळतो, त्यासाठी हौशी माणूस जास्त पैसे मोजतो आणि काठी मोडली तर मासा सुटतो, जीव जात नाही. १९७२ मध्ये गे ब्रुअर या अमेरिकी गोल्फपटूने काळ्या दांड्याची स्टिक घेऊन जपानमधली मोठी स्पर्धा जिंकली आणि गोल्फचं गिऱ्हाईकही आलं. मग टेनिसच्या रॅकेटी.

या गिऱ्हाइकांमुळे भट्ट्या चालू राहिल्या. चालू भट्टीतच दोष सापडतात आणि सुधारतात. विमानवाल्यांनी मात्र या तंतूला पायरीपायरीनेच जवळ केलं, आधी दुय्यम भागांसाठी. त्यांची शंका रास्त होती. संमिश्राच्या, म्हणजे राळेत बसवलेल्या तंतूंच्या थरांच्या, पत्र्यावर पाना पडला तर वरून काही दिसत नाही, पण आतले थर सुटलेले असू शकतात. तोरेने थरांमधल्या राळेत प्लास्टिकचे सूक्ष्म कण घालून थरांचं हे सुटणं अडवलं. तो माल १९९०च्या सुमारास बोइंग ७७७च्या शेपटासाठी मंजूर झाला. शीतयुद्ध संपून लष्करी मागणी आटली, तेव्हा कोर्टोल्ड्ससारखी ब्रिटिश कंपनी या धंद्यातून बाहेर पडली. तोरे टिकली. पुढे ७८७चा दीर्घ मुदतीचा करार तिच्याच पदरात पडला.

आपल्याकडेही कार्बन तंतू देशात बनवण्याची धडपड चालू आहे आणि तेजससारख्या विमानाला तो लागतोही. पण संरक्षण खात्याच्या एका मागणीवर असा कारखाना जगवता येणार नाही. हॉकी स्टिकचे कारखाने जालंधर-मेरठमध्ये आहेत, पवनचक्क्या साताऱ्याच्या पठारावर फिरताहेत. या उद्योगात उतरणाऱ्यांनी पहिला माल घेऊन आधी त्यांच्या दारी जावं.