गरजेपुरतेच औषध!

पर्यावरण जपणारा ग्राहक म्हटले की कापडी पिशवी घेऊन बाजारात जाणारा, घरात एलईडी दिवे लावणारा, ओला-सुका कचरा वेगळा ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हाच माणूस औषधाच्या दुकानात शिरला की मात्र त्याच्यातला ग्राहक गप्प होतो. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण दुकानदाराने पुढे केलेली गोळ्यांची पट्टी निमूटपणे उचलतो. मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधेदुखी यांमुळे आज असंख्य घरांत किराण्याइतकीच औषधांची खरेदीही दरमहा ठरलेली असते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. त्यात औषधांचा वाटा मोठा असतो. म्हणूनच या खरेदीकडे डोळसपणे पाहायला हवे.

पोटातले औषध जाते कुठे?

घेतलेले औषध शरीरातच संपते, असा आपला समज असतो. तसे होत नाही. अमॉक्सिसिलिन या नेहमीच्या प्रतिजैविकाचा निम्म्याहून अधिक भाग कोणताही बदल न होता लघवीवाटे बाहेर पडतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची रचना औषधांचे अंश काढण्यासाठी केलेली नसते. त्यामुळे ते अंश नदी-नाल्यांत पोहोचतात. औषध तयार होतानाही हेच घडते. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते!

अशा पाण्यात प्रतिजैविकाला दाद न देणारे जंतू टिकतात आणि वाढतात. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. सरकारी रुग्णालयात आम्हाला हे रोज दिसते. लघवीचा जो जंतुसंसर्ग पूर्वी साध्या गोळ्यांनी बरा व्हायचा, त्यासाठी आता अनेकदा रुग्णाला दाखल करून इंजेक्शने द्यावी लागतात. रुग्णालयात औषध मोफत मिळाले तरी रुग्णाची आणि त्याच्याजवळ थांबणाऱ्या नातेवाइकाची रोजंदारी बुडतेच.

गिधाडांचे उदाहरण तर सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. डायक्लोफिनॅक हे आपल्या ओळखीचे वेदनाशामक गुरांनाही दिले जात असे. ते दिलेले जनावर मेले की त्याच्या मांसातून औषध गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. अखेर २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. एका स्वस्त औषधाने निसर्गाचे सफाई कामगारच संपवत आणले होते.

दुकानात काय करता येईल?

पहिली गोष्ट, औषधाच्या व्यापारी नावाऐवजी त्यातला घटक वाचा. पट्टीवर तो छापलेला असतो. सर्दीची, अंगदुखीची आणि तापाची अशा तीन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात तिन्हींमधून पॅरासिटामॉलच जात असते, असे बाह्यरुग्ण विभागात वारंवार आढळते. यात पैसे वाया जातात आणि मात्रा मर्यादेबाहेर गेली तर यकृताला इजा होते. तोच घटक, तेवढ्याच मात्रेत, जेनेरिक स्वरूपात बराच स्वस्त मिळू शकतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची देशात आता दहा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. आपले नेहमीचे औषध तिथे मिळते का, हे चिठ्ठी दाखवून जरूर विचारा. मात्र फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

दुसरी, दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या गोळ्या मोजा. नवीन औषध सुरू होत असेल तर एकदम तीन महिन्यांचे घेऊ नका. ते मानवले नाही किंवा मात्रा बदलली, तर उरलेले सगळे वाया जाते. पट्टी कापून घेतली तर मुदतीची तारीख असलेला तुकडा किंवा बिल जपून ठेवा.

तिसरी, पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नका. साधी सर्दी विषाणूमुळे होते, त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. डॉक्टरांनी ते दिले असेल तर सांगितले तितके दिवस घ्या, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी राखून ठेवू नका.

चौथी गोष्ट दम्याच्या रुग्णांसाठी. दाबून फवारा सोडायच्या पंपात औषध बाहेर ढकलणारा वायू भरलेला असतो. त्यात सर्वाधिक वापरला जाणारा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. कॅप्सूलमधली भुकटी श्वासाबरोबर ओढायच्या साधनात असा वायू नसतो आणि ते बहुधा स्वस्तही पडते. पण भुकटी ओढायला श्वासात जोर लागतो. लहान मुले, काही वृद्ध आणि दम्याचा तीव्र झटका आलेले रुग्ण यांना पंपच लागतो. तेव्हा स्वतःहून बदल करू नका, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारा. पर्यावरणासाठी कोणी पंप सोडून धाप लागून घ्यावी, असे कुठलाही डॉक्टर सांगणार नाही.

उरलेल्या औषधांचे काय?

मुदत संपलेली औषधे बेसिनमध्ये किंवा शौचालयात ओतू नयेत. ती घरी जाळूही नयेत. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी अशा औषधांना घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. ती वेगळ्या पिशवीत बांधून, वर ठळक लिहून, घंटागाडीवाल्यांना स्वतंत्र द्यावीत. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून द्याव्यात. सुई टोचून जखम होते ती कचरा वेचणाऱ्या हातांना. केरळमध्ये औषध नियंत्रण विभागाने घराघरांतून उरलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला आहे. आपल्याकडच्या महापालिकांकडेही नागरिकांनी अशी मागणी करायला हरकत नाही.

येत्या रविवारी घरातला औषधांचा डबा उघडा. मुदत संपलेली औषधे वेगळी काढा, एकाच घटकाच्या दोन पट्ट्या आहेत का पाहा आणि चालू औषधांची यादी करून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत ठेवा. पुढच्या तपासणीला ती यादी बरोबर न्या आणि यातले कोणते औषध आता बंद करता येईल, हे डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न विचारणारा रुग्ण आम्हाला हवाच असतो.