शेतकऱ्याची पाळी

पीक हातीं आलें तरी तें बाजारीं पोहोंचल्यावांचून शेतकऱ्यास पैसा मिळत नाहीं. कॅनडाच्या पश्चिम भागांत १९०० च्या सुमारास गहूं दूर नेण्यास बहुतेक गांवीं एकाच कंपनीची आगगाडी होती. वाघिणी थोड्या, त्या प्रथम मोठ्या कोठारवाल्यांस मिळत. मग शेतकऱ्यास ते देतील त्या भावानें त्यांनाच गहूं विकावा लागे. १९०२ सालीं कायद्यानें ठरलें कीं, मागणीच्या अनुक्रमानेंच वाघिणी द्याव्या. तरी सिंटालूटा येथील स्टेशनमास्तरानें तो क्रम मोडला. तेव्हां शेतकऱ्यांच्या संघानें त्याजवर फिर्याद केली व ती जिंकली.

पण अशी जागरूकता एकदांच ठेवून भागत नाहीं. २०१३ सालीं तेथें अलोट पीक आलें आणि गाड्यांअभावीं धान्य पुन्हां पडून राहिलें. म्हणून २०१४ सालीं सरकारनें दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांस प्रत्येकीं आठवड्यास निदान ५ लाख टन धान्य वाहून नेण्याचा हुकूम केला.

विद्यार्थिमित्रहो, कायदा बलवानास आवरतो खरा. परंतु तो मोडला असतां एकजुटीनें दाद मागणारीं माणसें नसतील, तर तो कागदावरच राहतो, असें आम्हांस वाटतें.