लिनक्सच्या अद्ययावतीकरणानंतर सॉफ्टवेअर का अडते?

लिनक्स प्रणाली अद्ययावत केल्यानंतर आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालणारे एखादे सॉफ्टवेअर सुरूच होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. चिन्हावर क्लिक करूनही पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी संपूर्ण प्रणाली नव्याने बसविण्याची घाई केली जाते. तिची गरज क्वचितच असते. उलट बॅकअप घेतलेला नसल्यास त्या घाईत कामाच्या फाइल्स गमावण्याचा धोका असतो.

या बिघाडाचे एक प्रमुख कारण म्हणजे सामायिक लायब्ररी. लिनक्सवरील अनेक सॉफ्टवेअर ठरावीक कामांसाठी प्रणालीतील त्याच त्या फाइल्सचा आधार घेतात. नव्या आवृत्तीबरोबर जुनी लायब्ररी वगळली गेली, की तिच्यावर विसंबलेले सॉफ्टवेअर अडते.

एप्रिल २०२२ मध्ये आलेली उबुंटू २२.०४ ही आवृत्ती याचे ठळक उदाहरण आहे. ‘अ‍ॅपइमेज’ या एकाच फाइलच्या स्वरूपात मिळणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरना ‘लिबफ्यूज २’ ही लायब्ररी लागत असे. नव्या आवृत्तीत ती आपोआप बसविली जात नसल्याने ही सॉफ्टवेअर सुरू होईनाशी झाली.

दोष शोधण्यासाठी सॉफ्टवेअर चिन्हावरून न उघडता टर्मिनलमधून सुरू करावे. चिन्हावर क्लिक केल्यावर जो त्रुटीसंदेश दिसत नाही, तो येथे दिसतो. कोणती फाइल सापडली नाही, याचा उल्लेख बहुधा त्यातच असतो. उबुंटूच्या अधिकृत भांडारातून लिबफ्यूज २ चे पॅकेज बसविताच वरील अडचण दूर होते. २४.०४ आवृत्तीत या पॅकेजच्या नावापुढे ‘टी ६४’ जोडलेले आहे. मात्र केवळ ‘फ्यूज’ नावाचे पॅकेज बसवू नये. त्यामुळे प्रणालीचे आवश्यक घटक काढले जाऊ शकतात. म्हणूनच कोणत्याही पॅकेजला संमती देण्यापूर्वी काढल्या जाणाऱ्या घटकांची यादी वाचणे अगत्याचे आहे.

लायब्ररी जागेवर असूनही सॉफ्टवेअर सुरू होत नसल्यास संगणकावर नवे वापरकर्ता खाते उघडून ते चालवून पाहावे. तेथे ते चालले, तर दोष बहुधा जुन्या खात्यातील सेटिंग्जमध्ये असतो. सेटिंग्जचा तो फोल्डर पुसून न टाकता त्याचे नाव बदलावे, म्हणजे गरज पडल्यास तो परत वापरता येतो.

अशा अडचणींना कंटाळून अद्ययावतीकरणच बंद करणे मात्र योग्य नव्हे. सुरक्षेतील त्रुटी बुजविणाऱ्या दुरुस्त्या त्याच मार्गाने संगणकापर्यंत पोहोचतात.