गुळवेलीचा अर्क : उंदीर आणि माणूस

नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास गुळवेलीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली ही वेल तापावर उपयोगी, हें घरोघर ठाऊक आहे. सन २०२० च्या साथींत तर आमच्या गांवीं तिचा काढा सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्यानें पिण्यांत आला. प्रस्तुत लेखकही त्यांत होता. “उंदरांवर प्रयोग होऊन गुण सिद्ध झाला आहे,” असें जो तो सांगे. ते प्रयोग कोणते व त्यांवरून किती सिद्ध होतें, हें पाहणें हिताचें आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते व त्यांचे सहकारी यांनीं हें काम केलें. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं उंदरांस आधीं अर्क देऊन मग त्यांच्या पोटांत ई. कोलाय जंतु टोंचले. अर्क न दिलेल्या उंदरांच्या मानानें यांच्यांत मृत्यु पुष्कळच कमी झाले. परंतु तोच अर्क शरीराबाहेर जंतूंवर घातला असतां जंतु मेले नाहींत! म्हणजे वेल स्वतः जंतु मारीत नाहीं. जंतूंस गिळून मारणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशींचें बळ ती वाढविते.

पुढें १९९३ सालीं माणसांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रोग्यांचे दोन गट केले. नेहमींचे उपचार दोघांसही दिले. एकास त्यांशिवाय गुळवेल दिली. गुळवेल न दिलेल्या गटांत निम्म्या रोग्यांच्या रक्तांत जंतुदोष पसरला, दुसऱ्यांत एकाच्याही नाहीं. शस्त्रक्रियेनंतर वांचलेल्यांचें प्रमाण शेंकडा ४० व ९२.४ असें पडलें.

आतां हिशेब पाहूं. मात्रा दररोज वजनाच्या किलोमागें १६ मिलिग्रॅम होती. ५० किलोच्या माणसास ८०० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमहि नव्हे. तीही रुग्णालयांत, ठराविक दिवस व इतर औषधांसह. तांब्याभर काढ्यास हें माप कसें लागू पडावें? एका गटाचा सात-बारा दाखवून दुसऱ्या गटाचा ताबा मागण्यासारखेंच तें होय.

याची दुसरी बाजूही मुंबईंतच दिसली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळांत गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें तेथील डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तशीं लक्षणें त्यांत होतीं. केंद्राच्या आयुष मंत्रालयास हें मान्य झालें नाहीं. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असें त्याचें म्हणणें पडलें. वाद कसाही असो, शेतकऱ्यास दोन्ही पक्षांपासून धडा आहे. राखणीस ठेवलेला कुत्रा तिखट असावा हें खरें, पण तो घरच्या माणसावर धांवूं नये.

तेव्हां वेल अवश्य राखावी. परंतु खोडावर पुष्कळ बारीक गांठी असून कापतां दुधासारखा चीक निघाल्यास ती दुसरी जात समजून दूर ठेवावी. संशय असल्यास जाणत्याकडून ओळख पटवावी. यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असणाऱ्यानें, तसेंच गरोदर स्त्रीनें, वैद्यास अथवा डॉक्टरास विचारल्यावांचून ती घेऊं नये. काढा घेत असतां डोळे किंवा लघवी पिवळी दिसल्यास तो तत्काळ बंद करून दवाखाना गांठावा. औषधि बांधावर फुकट मिळते. मात्रा मात्र विचारूनच घ्यावी लागते.