मेंडेलला ‘जनक’ कोणी केले?

शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकांत ग्रेगर मेंडेलची कथा ठरलेली असते. ब्रुन येथील मठात राहणारा हा धर्मगुरू वाटाण्याची रोपे वाढवितो, आनुवंशिकतेचे नियम शोधून काढतो, १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध करतो आणि त्या निबंधाचे महत्त्व जगाला कळते ते त्याच्या मृत्यूनंतर, १९०० साली. ही कथा खोटी नव्हे. परंतु ती ज्या थाटात सांगितली जाते, त्या थाटालाही स्वतःचा इतिहास आहे, ही जाणीव शिकविणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला क्वचितच असते.

ती जाणीव करून देण्याचे काम विज्ञानेतिहासाची नियतकालिके करतात. हार्वर्ड विद्यापीठातील एव्हरेट मेंडेलसन यांनी १९६८ साली सुरू केलेले ‘जर्नल ऑफ द हिस्टरी ऑफ बायॉलॉजी’ हे त्यांपैकी एक होय. सुट्या शोधनिबंधांबरोबरच एकाच प्रश्नावरील अनेक अभ्यासकांचे लेख ते एकत्र छापते. २०१२ साली, पंचेचाळिसाव्या खंडात, लायसेन्को वाद आणि शीतयुद्ध या विषयावर असाच एक लेखसमूह प्रसिद्ध झाला.

सोव्हिएत कृषितज्ज्ञ त्रोफिम लायसेन्को याला मेंडेलप्रणीत आनुवंशिकी मान्य नव्हती. परिस्थितीने वनस्पतीत घडविलेले बदल पुढील पिढीत उतरतात, असा त्याचा दावा होता आणि त्या दाव्यामागे स्टॅलिनची सत्ता उभी होती. त्याला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांना १९४० साली अटक झाली. १९४३ साली साराटोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्कोने आपल्या अहवालास पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचे जाहीर केले आणि आनुवंशिकीची दारे त्या देशात बंद झाली.

एकीकडे सत्ता व दुसरीकडे सत्य, असा निवाडा येथे सहज होतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या लेखसमूहाचे मोल येथेच आहे. रीना सेल्या यांचा लेख अमेरिकेतील आनुवंशिकी संस्थेने लायसेन्कोला कसे उत्तर दिले ते तपासतो. लायसेन्कोचे मत ‘छद्मविज्ञान’ कसे ठरत गेले, हा मायकेल गॉर्डिन यांचा प्रश्न आहे, तर फ्रान्चेस्को कसाटा इटलीतील कम्युनिस्टांकडे वळतात. ऑड्रा वुल्फ यांचा लेख तर थेट मेंडेलपाशी येतो. १९०० च्या पुनःशोधाला पन्नास वर्षे झाली म्हणून अमेरिकेत १९५० साली आनुवंशिकीचा सुवर्णमहोत्सव झाला. हा महोत्सव लायसेन्कोविरुद्धच्या प्रचाराचाही भाग होता आणि मेंडेलला ‘जनक’ मानण्याच्या आपल्या सवयीशी त्याचा जवळचा संबंध आहे, असे त्या दाखवून देतात.

म्हणजे मेंडेल खोटा ठरला काय? मुळीच नाही. वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीतील तीनास एक हे प्रमाण कोणत्याही महोत्सवाने निर्माण केलेले नाही आणि कोणत्याही मध्यवर्ती समितीला ते रद्द करता आले नाही. परंतु नियम सिद्ध होणे वेगळे आणि एका व्यक्तीला त्या शास्त्राचे प्रतीक करणे वेगळे. पहिले काम प्रयोग करतो. दुसरे माणसे करतात, आणि माणसे आपल्या काळाची असतात. पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे स्वतः आनुवंशिकीचे धुरीण; तरीही लायसेन्कोबाबत पक्षनिष्ठा आणि विज्ञाननिष्ठा यांच्या कात्रीत तेही सापडलेच होते.

एकट्या लेखकाचा ग्रंथ बहुधा एक सूत्र धरून निकालापर्यंत जातो. लेखसमूहात निरनिराळ्या देशांतील साक्षी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि त्या ताडून पाहण्याचे काम वाचकावर पडते. नेमके हेच काम आपल्या वर्गांतून टाळले जाते. तेथे शास्त्रज्ञाचे नाव, साल आणि शोध पाठ झाला की विज्ञान आले असे समजतात. अधिकारवाणीने सांगितलेले पाठ करण्याची सवय लागलेला विद्यार्थी उद्या दुसऱ्या अधिकारवाणीपुढेही मान डोलावील. मेंडेलचा धडा शिकविताना वाविलोव्हचे नावही उच्चारले गेले, तर प्रयोगाचा निकाल आणि सत्तेचा हुकूम यांतील अंतर त्याला निदान ओळखता येईल.