आर्माघचा अपघात व ब्रेकाचा कायदा (इ. स. १८८९)

आगगाडीच्या सुरक्षिततेचा इतिहास सांगतांना पुष्कळ लेखक एक सोपी कथा सांगतात. मोठा अपघात झाला, लोक हळहळले, आणि मग कोणा बुद्धिमान् गृहस्थानें उपाय शोधून काढिला. कालानुक्रम लावून पाहिला असतां ही कथा टिकत नाहीं. उपाय बहुधा आधींच ठाऊक असतो. उणीव असते ती सक्तीची. या विधानास आयर्लंडांतील आर्माघ येथील १२ जून १८८९ चा अपघात हें उत्तम प्रमाण होय, म्हणून त्याची हकीकत येथें थोड्या विस्तारानें देतों.

त्या दिवशीं रविवारच्या धर्मशाळेंतील मुलें व त्यांचे आप्त यांना आर्माघहून समुद्रकांठच्या वॉरनपॉइंट गांवीं सहलीस नेण्यासाठीं एक खास गाडी सोडण्यांत आली. डबे १५, उतारू सुमारें ९४०. विनातिकिटांनीं आंत शिरूं नये म्हणून डब्यांचीं दारें बाहेरून कुलुपबंद केलेलीं होतीं. स्टेशन सोडल्यावर लगेच चढ लागे. तो ७५ फुटांस एक फूट या मानाचा होता. एंजिनास इतका भार झेपला नाहीं, व माथा थोडक्यावर राहिला असतां गाडी थांबली. मागून नेहमींची उतारूंची गाडी सुमारें वीस मिनिटांनीं सुटावयाची होती. ती येईपर्यंत थांबून तिच्या एंजिनाचा रेटा घेतला असता तर कांहींच बिघडतें ना. परंतु गाडीवरील मुख्य अधिकाऱ्यानें गाडी तोडून पुढचे पांच डबे पुढील स्टेशनावर पोंचवावे व मग परत येऊन मागचे दहा न्यावे, असें ठरविलें.

येथें ब्रेकाची रचना समजून घेणें अवश्य आहे. त्या गाडीस सर्व डब्यांना लागणारा निर्वात ब्रेक होता, पण तो साध्या जातीचा. एंजिनांतील वाफेच्या जोरानें नळींतील हवा ओढून घेतली म्हणजे ब्रेक लागे. हवा परत भरली म्हणजे सुटे. अर्थात् नळी तोडतांच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक आपोआप सुटला, आणि इतका सारा भार शेवटच्या डब्यांतील गार्डाच्या एका हातब्रेकावर येऊन पडला. चाकांखालीं दगड लाविले होते. सांखळी मोकळी करण्यासाठीं एंजिन किंचित् मागें घेतलें, त्याचा हलकासा धक्का बसला, दगड चुरडले गेले, व डबे उतारानें मागें धांवूं लागले. मागच्या गाडीच्या ड्रायव्हरानें ते पाहून आपला वेग बराच कमी केला होता, तरी पळत्या डब्यांचा वेग ताशीं सुमारें ४० मैल झाला होता. ८० माणसें मेलीं. त्यांत सुमारें एकतृतीयांश मुलें होतीं. दारांना कुलुपें असल्यामुळें ज्यांना उडी टाकण्यास अवसर होता, त्यांचाहि मार्ग बंद झाला होता.

याच्या उलट स्वयंचलित ब्रेक. त्यांत नळी प्रवासभर निर्वात ठेवावयाची, व तींत हवा शिरली कीं ब्रेक लागावयाचा. मग नळी तुटो, डबा सुटो, वा एंजिन बंद पडो, परिणाम एकच: गाडी थांबते. वैशेषिकांनीं मूळच्या सहा पदार्थांत मागाहून अभाव हा सातवा जोडला. वर्गांत तो शिकवितांना आम्ही ‘भूतलावर घट नाहीं’ हें परंपरागत उदाहरण देत असूं, व मुलें जांभया देत. अभाव कार्य करितो हें पटविण्यास ब्रेकाची नळी अधिक उपयोगी पडली असती.

आतां कालानुक्रम पाहूं. वेस्टिंगहाउस यांचा हवेच्या दाबाचा स्वयंचलित ब्रेक १८७२-७३ च्या सुमाराचा. १८७५ सालीं इंग्लंडांत नेवार्कजवळ निरनिराळ्या ब्रेकांची जाहीर परीक्षाहि झाली होती. एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी सोडण्याची ब्लॉक पद्धति तारयंत्राबरोबर आली होती. आर्माघच्या मार्गावर मात्र अजून घड्याळ पाहूनच गाडीमागें गाडी सोडीत. सांधा व सिग्नल परस्परांशीं असे जखडणें कीं सांधा नीट बसल्यावांचून सिग्नल पडूंच नये, ही युक्तीहि जुनी. सरकारी निरीक्षक वर्षानुवर्षें या तिहींची शिफारस करीत होते. परंतु त्यांचा अधिकार शिफारशीपुरताच. कंपन्यांचे आक्षेप दोन: खर्च फार येतो, व यंत्रावर विसंबून नोकर निष्काळजी होतात. दुसरा आक्षेप आम्हांस पहिल्याचें वस्त्र वाटतो. अपघातानंतर अवघ्या ७९ दिवसांत, ३० ऑगस्ट १८८९ रोजीं, तिन्ही गोष्टी उतारूंच्या मार्गांवर सक्तीच्या करण्याचा अधिकार देणारा कायदा मंजूर झाला. गाडी तोडण्याचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला झाला व अखेर तो सुटला.

उतारूनें संकटसमयीं गाडी थांबविण्याचा प्रश्नहि याच ब्रेकाशीं निगडित आहे. १८६४ सालीं लंडनजवळ एका उतारूचा धांवत्या डब्यांत खून झाला. त्यानंतर १८६८ च्या कायद्यानें वीस मैलांहून अधिक न थांबतां जाणाऱ्या गाड्यांत उतारू व गार्ड यांच्यामध्यें संकेताचें साधन ठेवणें भाग पडलें. आरंभीं तें साधन म्हणजे डब्यांबाहेरून नेलेली दोरी. ती ओढिल्यानें घंटा वाजे. गाडी थांबविणें न थांबविणें नोकरांच्या हातीं. सांखळी ओढतांच ब्रेक लागूं लागणें स्वयंचलित नळीमुळेंच शक्य झालें. आपल्याकडे १८९० च्या रेल्वे कायद्यानें असें साधन ठेवण्याची जबाबदारी रेल्वेवर टाकिली, व विनाकारण तें वापरणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड सांगितला. डब्याडब्यांतून तो आंकडा वाचीत कित्येक पिढ्यांनीं प्रवास केला. १८९० च्या जागीं आलेल्या १९८९ च्या कायद्यांत एक वर्षापर्यंत कैद अथवा एक हजारापर्यंत दंड आहे.

बोरघाटाचा उल्लेख येथें टाळतां येत नाहीं. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या घाटांत चढाचें मान ३७ फुटांस एक फूट, म्हणजे आर्माघच्या दुप्पट. तेथें उतरणीवर चढत्या बगलमार्गांची योजना आहे, व सांधा एरवीं त्या बगलमार्गाकडेच वळविलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनें थांबून आपण ताब्यांत आहों हें दाखविलें म्हणजेच सरळ मार्ग मिळतो. पळत सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थकते. तत्त्व नळीचेंच.

अलीकडील ‘कवच’ यंत्रणा, जी २०२० सालीं राष्ट्रीय म्हणून स्वीकारण्यांत आली, त्याच वंशांतील आहे. ड्रायव्हरानें थांबण्याचा सिग्नल ओलांडूं पाहिला तर ती स्वतः ब्रेक लाविते. परंतु २ जून २०२३ रोजीं ओडिशांत बालासोरजवळ बहानगा बाजार येथें २९० हून अधिक माणसें मेलीं, तेथें ड्रायव्हरानें सिग्नल मोडलाच नव्हता. सांधा व सिग्नल यांची जखडण तेथें होती. परंतु दुरुस्तीच्या कामांत तारांची जोडणी चुकली असें रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशींत आढळलें. सिग्नल मुख्य मार्गाचा दिसत होता, आणि सांधा बसला होता मालगाडी उभी असलेल्या बगलमार्गास.