वकील नेमल्यावर

आमच्या वडनेर भोलजीची शेती बहुतेक कोरडवाहू. ७ जूनच्या आसपास मृग लागतो. त्याआधीच काही जण कोरड्या मातीत सरकी टाकतात. ही धूळपेरणी. बियाणं मातीत, पैसा उधारीचा, पाऊस कुणाच्याच हातात नाही. त्या दिवसांत मला झोप लागत नसे. अब्बा मात्र इशाची नमाज पढून घोरत. मला राग यायचा.

एकदा विचारलंच. म्हणाले, "केस वकिलाकडे दिल्यावर घरी आपणच रात्रभर युक्तिवाद करतो का रे?"

ही नुसती उपमा नाही, हे मला पुढे कळलं. देवावर भरवसा टाकणं म्हणजे अरबीत 'तवक्कुल'. आपल्या कोर्टातला 'वकील' त्याच धातूतला. अल्लाहचं एक नावही 'अल-वकील' आहे. पण वकील दिला म्हणून तारीख चुकत नाही. कागद आपणच पुरवायचे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं, ही हदीस प्रसिद्धच आहे.

राहिलं मन थाऱ्यावर आणणं. त्याचा सराव नमाजेतच आहे. रुकूतून उठलं की पाठ सरळ होऊन अंग स्थिरावेपर्यंत उभं राहायचं. कावळ्यानं दाणे टिपावेत तसे सज्दे चालत नाहीत. मी अजूनही घाईच करतो.

एका साली पाऊस दडला, सरकी करपली. अब्बांनी कोठीत राखलेली दुसरी सरकी काढली. म्हणाले, "ऊठ, बैल जुंप."